कडक झालीये ना?

घड्याळं दुरुस्त करणारे काका रोज सकाळी दुकान उघडण्याआधी कोपऱ्यावरच्या कॉफीवालीकडे जायचे. ती न विचारता कप भरायची आणि पहिला घोट घशाखाली उतरला की हमखास म्हणायची, "काका, कडक झालीये ना?"

"एक नंबर!"

काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून सूनबाई घरात कॉफीचा वासही येऊ देत नव्हती. तिला आपण कसं गंडवतो, हे गिऱ्हाइकांना रंगवून सांगताना काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा कॉफीवाली तापाने पडली आणि तिच्या जागी तिची बहीण उभी राहिली. तिने दिलेली कॉफी प्यायल्यावर काकांची छाती धडधडू लागली.

"अगं, काय घातलंस यात?"

"काही नाही, नेहमीचीच कॉफी. अगंबाई, तुम्ही घड्याळवाले काका का? तुमचा डबा वेगळा असतो, कॅफिन काढलेल्या कॉफीचा. तुमच्या सूनबाईच आणून देतात."

कॉफीवाली बरी होऊन परतली. कप पुढे ठेवून, नेहमीसारखंच हसून तिने विचारलं, "काका, कडक झालीये ना?"

काकांनी कप तसाच मागे सरकवला.

"सुनेचं ऐकून पाजलीस, तेही मी गिळलं असतं. पण रोज माझ्याच तोंडून वदवून कशाला घेत होतीस?"