काटेमामांची मान

काटेमामांना मागून हाक मारली की ते अख्खे वळायचे. आधी पाय, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी, जड कपाट सरकवावं तसं, तोंड समोर यायचं. त्यांना नुसती मान वळवताना कुणी पाहिलेलंच नव्हतं. राहनाळच्या आमच्या सुताच्या गोदामात ते काट्यावर बसून गोणींचं वजन करायचे, म्हणून काटेमामा. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथंच राहिलं.

मी त्या गोदामात हमाल. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यात थप्पीवरून एक गोण सुटली आणि माझ्या मानेवर-खांद्यावर आदळली. हाड मोडलं नाही, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि मान डावीकडे वळेना. महिनाभर गळ्यात पट्टा. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू हलवा, हलकं हलकं उचला. हळूहळू म्हणजे किती, हे कोण सांगणार? शेठ म्हणाला, "दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. गोण उचलता आली तर ये, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल." शेठ वाईट नव्हता हो, पण गोदाम थांबत नाही. नारपोलीच्या आमच्या खोलीत माझी तीन वर्षांची पोर हात वर करून "बाबा, उचल" म्हणायची. मी तोंड फिरवायचो, तेही उजवीकडेच.

त्याच सुमारास गोदामात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि जुनी लोखंडी वजनं कोपऱ्यात गेली. पाच किलो, दहा किलो, वीस किलो, प्रत्येकाला वर धरायला कडी. आता जिममध्ये असल्याच वजनांना केटलबेल म्हणतात. परवा भाचीनं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर आमच्या मामांची वजनं! दुपारच्या सुट्टीत मामांनी मला गोदामाच्या मागं नेलं आणि पाच किलोचं वजन पायाशी ठेवलं. "हातानं उचलायचं न्हाय. कमरेतनं झोका द्यायचा. हात म्हंजे नुसता दोर."

साठ किलोची गोण पाठीवर घेऊन पळणारा मी, आणि समोर पाच किलो! बाकीचे हमाल तर ओरडायलाच लागले, "क्या मामू, भाजी तौलनी है क्या?" मलाही हसू आलं. पहिल्याच झोक्याला ते हसू गेलं. वजन वर आलं आणि खांदा आपोआप कानाला जाऊन चिकटला. ही हमालाची खोड. गोण येताना दिसली की तिला टेकायला जागा म्हणून खांदा आधीच वर जातो, मान बाजूला होते. दहा वर्षं तेच केलेलं. आता समोर गोण नव्हती, तरी खांदा तयारच.

"गोण न्हाय येत, बाबा," मामा म्हणाले. "खांदा खाली घे. कानाच्या घरी कशाला राहायला गेलाय तो?"

मग रोज तेच. खांदा खाली. दात सोड, कुणाला खातोयस? वजन वर आलं की फुंकर मार, श्वास कोंडू नको. पाच झोके झाले की ठेव, हात झटक, मान फिरव, पण दुखायच्या अलीकडं थांब. बोटांना मुंग्या आल्या तर तिथंच बंद आणि सरळ डॉक्टरकडे. मी विचारायचो, "अजून किती दिवस, मामा?" तर म्हणायचे, "दमलास?" दमलो म्हटलं की, "मग आज बस." मला इतका वैताग यायचा! बसून बसून माणूस बरा होतो का? दिवाळी तर धावत येत होती. झोपून उठलं तरी अंग गळालेलं, आणि डोक्यात एकच गोष्ट, साठ किलोची गोण.

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. मामा जेवायला गेल्याचं बघून मी वीस किलोचं वजन ओढलं. दोन झोके झकास गेले. तिसऱ्याला खांदा कानाशी, दात घट्ट, आणि मान अशी आवळली की मी तिथंच खाली बसलो. मामा आले. वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी वजन पायानं बाजूला सारलं आणि माझ्याशेजारी बसले.

"मला बी मुदत होती," ते म्हणाले. "तेव्हाच्या शेठनं दिलेली. मी पण हमालच होतो ना. मानेला लागलं आन आठव्या दिवशी गोण उचलून दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी मान जी बसली, ती बसली. मग मला काट्यावर टाकला. अंबाडीच्या बाजारात माझी पोरगी मागून हाक मारायची, मी वळेपर्यंत ती पुढं येऊन उभी. लग्न झालं तिचं. तरी मी आपला वळतोच हाय."

लाज वाटली, एवढं खरं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठनं आम्हाला काट्यापाशी बोलावलं. "काय मामा, उचलेल का हा?" मी पुढं झालो, तेवढ्यात मामा म्हणाले, "न्हाय. अजून चार म्हयने तरी न्हाय." असा राग आला त्यांचा! आणि ते पुढं म्हणाले, "तोवर ह्याला काट्यावर बसवा. मी जातो घरी. हा बटणांचा काटा मला न्हाय जमत."

साफ खोटं. तो काटा सगळ्यांच्या आधी त्यांनाच जमला होता. त्यांनीच तर मला शिकवला.

निघताना त्यांनी पाच किलोचं वजन माझ्या स्टुलाखाली सरकवलं. फाटकापर्यंत गेले तेव्हा मी हाक मारली, "मामा!" ते वळले. पाय, कंबर, छाती, मग तोंड. त्यांनी लांबूनच माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, खांदा खाली.

होळीला मी पोरीला दोन्ही हातांनी उचललं. मामांना सांगायला अंबाडीपर्यंत गेलो, तेव्हा दारात उभे राहून दोनदा म्हणाले, "पुन्हा सांग." आता मामा नाहीत. मी परत गोण घेतली नाही, टेम्पो चालवायला शिकलो. दिवसातून दहा वेळा गोदामाला गाडी मागं घेत लावतो, अंग आंबून जातं. गाडीला दोन्ही बाजूंना आरसे आहेत. तरी मी मान वळवूनच मागं बघतो.