ठेवणीतला जोड

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी खालच्या टपरीवरून चहाचे दोन ग्लास घेऊन जिना चढत होतो. एक माझा, एक आशाचा. आशा म्हणजे माझी मुलगी, पुण्याहून आलेली. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवलेला लांबूनच दिसला आणि मला कळलं. तरी मी चढत राहिलो, ग्लास गरम होते आणि ठेवायला जागा नव्हती... माझी बायको, विमल, जाऊन आता सात आठवडे झाले. डोक्यात रक्तस्राव झाला, तीन दिवस बेशुद्धच होती. नर्स म्हणाली, आजोबा बोला त्यांच्याशी, ऐकू येतं. मी काय बोललो? नळाला पाणी येऊन गेलं, शेजारचे दूध घेऊन ठेवतात, गॅस संपत आलाय. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो. ते इथं लिहितोय. मी पाचवी शिकलेला माणूस, नीट मांडता येणार नाही. पण घरात बसवत नाही. बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही.

अडतीस वर्षं मी द्वारका चौकाच्या पुढं हायवेला टायरचं दुकान चालवलं. पंक्चर, रिमोल्ड म्हणजे झिजल्या टायरवर नवी नक्षी चढवणं, जुने-नवे टायर. रबर सोडून मला दुसरं काही कळत नाही. विमलला चौपन्नाव्या वर्षी साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कॉलनीतल्या बायांबरोबर जॉगिंग ट्रॅकवर जायला लागली. तीनेक महिन्यांनी एका सकाळी तोंड लालबुंद करून घरी आली आणि म्हणाली, आज पळाले. मी विचारलं, कुत्रं मागं लागलं होतं का? तर म्हणे, कुत्रंही नव्हतं आणि तुम्हीही नव्हता, म्हणून पळता आलं.

मग बूट आले. मेनरोडच्या एका दुकानात आम्ही गेलो सकाळी, तर दुकानदारानं परत पाठवलं. म्हणाला, काकू संध्याकाळी या, दिवसभरात पाय फुगतो, त्या पायाला बसला तर बूट बसला. संध्याकाळी गेलो. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा निघाला, लग्नाला इतकी वर्षं होऊन मला ठाऊक नव्हतं. अंगठ्यापुढं बोटभर जागा आहे का ते त्यानं दाबून बघितलं, आणि ही बाई नेसत्या साडीत काउंटरपासून दारापर्यंत पळून आली. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी म्हणालो, लोक ट्रकला टायर घेताना एवढी चौकशी करत नाहीत. ती म्हणाली, ट्रकला गुडघे नसतात.

तेव्हापासून आमच्या पॅसेजमध्ये तिच्या बुटांचा संसार सुरू झाला. दोन जोड, आलटून पालटून. आज पळालेल्या बुटाला उद्या सुट्टी, आतला स्पंज परत वर यायला वेळ लागतो म्हणे. पावसाळ्यात भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तेही माझं वाचून व्हायच्या आधी. एकदा मी चांगुलपणानं ते गच्चीवर उन्हात टाकले तर दिवसभर बोलली नाही. रबर उन्हात मरतं हे तुम्हाला मी सांगायचं का, एवढंच संध्याकाळी म्हणाली. खरं होतं. आठ-दहा महिने झाले की नवा जोड. मी जुना उलटा करून बघायचो आणि म्हणायचो, नक्षी शिल्लक आहे, अजून गोटा झाला नाही, चालव. ती म्हणायची, अहो, वरून नक्षी आहे, आतला जीव गेलाय. माझे गुडघे सांगतात.

एका दिवाळीला आशा आली होती. तिनं त्याच दुकानातून आईला एक जोड घेतला, फिका निळा, हातात घेतला तर कापसासारखा. विमल दुसऱ्या दिवशीच घालून निघाली होती. मी अडवलं. आमच्या घरात नवी वस्तू लगेच वापरायची पद्धत नाही. नवं लुगडं, नवी चादर, पाहुण्यांचे कप, सगळं आधी ठेवणीत. माझी आई तशी, मी तसा. मी म्हणालो, एवढे चांगले बूट ट्रॅकच्या धुळीत घालतेस? ठेवणीतले ठेव, मोठ्या रेसला घाल. तिनं तोंड वाकडं केलं, पण दिले. मी स्वतः शिडी लावून खोका माळ्यावर ठेवला, स्लॅबच्या खाली, जिथं एप्रिल-मेमध्ये हात लावला तर चटका बसतो. पुढं कोरोनात रेसच बंद झाल्या, मग तिचा पाय दुखावला, असं करत चार वर्षं तो जोड तिथं पडला.

दहा किलोमीटरच्या रेसला तिनं नाव घातलं. रेसच्या दिवशी सकाळी मी खोका खाली काढला. तिला द्यायच्या आधी सवयीनं अंगठा लावला टाचेला... दगड. दुकानात मी अडतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो, नुसता नवा टायर बघू नका, कधीचा बनलाय ते बघा, पडून राहिलेलं रबर चाललेल्या रबरापेक्षा लवकर मरतं. आणि मी काय केलं? बूट फडक्यानं पुसला आणि तिच्या हातात दिला. बोललो असतो तर माळ्याचं निघालं असतं. चार वर्षं दर दोन महिन्यांनी ती म्हणायची, काढा की तो खोका. मी नाही काढला. म्हणून गप्प बसलो.

सहाव्या किलोमीटरला उजव्या बुटाचा तळ सुटला आणि ती पडली. मनगट मोडलं. रिक्षातून उतरली ती एका हातात तळ घेऊन, हसत. आणि मनगटाला प्लास्टर घालून झालं की सरळ मेनरोडला. चारचौघांत त्या दुकानदाराला सुनावलं, जुना माल आमच्या गळ्यात मारलास म्हणून. तो विचारत होता, काकू, किती दिवस ठेवले होते? ती म्हणाली, घातलेच नाहीत, नवेकोरे आहेत. मी बाहेर स्कूटरपाशी उभा होतो. तिथून दोन पावलं आत जायचं होतं. नाही गेलो. तिनं ट्रॅकवरच्या सगळ्या बायांना सांगितलं, त्या दुकानात कुणी पाय ठेवायचा नाही. कुणी ठेवला नाही. दहा किलोमीटरला परत तिनं नाव घातलं नाही. मी कधी विचारलं नाही का ते.

मागच्या आठवड्यात मी त्या दुकानात गेलो. त्यानं ओळखलं. पहिलंच विचारलं, काकू कशा आहेत. सांगितलं. मग उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, माळा, अंगठा, सगळं. तो खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "मला माहीत होतं, काका. बुटाच्या जिभेला आतून तारीख असते."

"मग तिला दाखवली का नाही?"

"तुम्ही स्कूटरपाशी उभे होता. तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, म्हातारा-म्हातारीचं घरी जाऊन भांडण कशाला."

त्यानं चांगुलपणा केला, आणि मला त्याचा राग आला. तसं त्याला बोललोही. अरे, दाखवायची होतीस. ती दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी मला लोकांसमोर म्हातारा टायरवाला म्हणून हसली असती आणि संपलं असतं. ते दोन दिवस माझे होते. ते आता कुठून आणू?

तेव्हापासून झोप नाही. परवा सकाळी सहाला ट्रॅकवर गेलो. तिच्याबरोबरच्या बाया पळत होत्या, एकेकीला थांबवून सांगायला लागलो की त्या दुकानदाराची काही चूक नाही, बूट मी सडवले, तुम्ही खुशाल जा तिकडं. बऱ्याच जणी थांबल्या, हळहळल्या. सुरेखाबाई म्हणून एक आहेत, विमलच्या जोडीनं पळायच्या. त्या थांबल्या नाहीत. जागच्या जागी पाय हलवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हे विमलताईंना का नाही सांगितलंत?" आणि गेल्या पुढं.

मी त्यांच्यामागं पळालो. खरंच पळालो, सत्तरी ओलांडलेला माणूस, उत्तर द्यायला. पंधरा-वीस पावलांत धाप लागली आणि कठड्याला धरून उभा राहिलो. तोवर उत्तर सापडलं होतं, भीती वाटली म्हणून नाही सांगितलं, एवढंच होतं ते. सुरेखाबाई वळणावरून दिसेनाशा झाल्या. पण ट्रॅक गोल आहे. पुढं गेलेलं माणूस फेरी मारून परत समोर येतं... मी तिथंच उभा राहिलो.