ताईचा रिपोर्ट नॉर्मल आला

"तुमचं एलडीएल दोनशे ऐंशी आहे," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, कागद दुसऱ्या कुणाचा असेल.

मी साकोलीत शाळेत खेळ शिकवते. वय छत्तीस, वीस वर्षं धावते. टाचेमागची नस जाड झाली म्हणून भंडाऱ्याला दाखवायला गेले होते. बॉडी कॉम्पोझिशन, म्हणजे अंगात चरबी किती आणि स्नायू किती याची तपासणी, उत्तम आली. चरबी फक्त सतरा टक्के. पण एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर धरणारं कोलेस्टेरॉल, भलतंच.

"हा फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, घराण्यातून येणारा. यकृत जन्मापासूनच हे कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही. धावून वजन उतरतं, हे फारसं नाही. टाचेची जाडीही त्याचीच. घरात कुणी लवकर गेलं?"

बाबा एकेचाळिसाव्या वर्षी धानाच्या बांधीत रोवणी करताना कोसळले होते.

"मग बहीण-भावांचंही रक्त तपासा. आणि मुलांचं."

ताई तुमसरला असते. नव्वद किलो. तर्री-पोह्यांवर आलूबोंडा खाते. लॅबबाहेर तिच्याशेजारी बसून मी मनात म्हणत होते, हिचाही रिपोर्ट वाईट येऊ दे. खरं तेच सांगते. तेल चमच्याने मोजून मी जगले, मग मी एकटीनेच का भोगायचं?

तिचा नॉर्मल आला. मी कागद तिच्या हातात कोंबून पुढे चालू लागले.

ती मात्र बसस्टँडवर रडायला लागली. "तुलेच काहून भेटलं व हे? मले भेटलं असतं त चाललं असतं. मी कुठं धावून राहिली?"

तिने धरलेला हात मी सोडवून घेतला. महिनाभर तिचा फोन उचलला नाही.

स्टॅटिनची गोळी सुरू झाली. ती यकृताला कोलेस्टेरॉल उचलायला लावते. आकडा उतरू लागला. पण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त द्यायची हिंमत होईना. शेवटी ताई स्वतःच आली, मुलीला मांडीवर घेऊन बसली. सुई टोचताना मी एकच मागत होते, हिचं रक्त ताईसारखं असू दे.

नव्हतं. मुलीचंही वाढलेलं निघालं.

ताईनेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, पोरगी धावली त चालते ना?"

"धावलीच पाहिजे. लवकर कळलंय, हातात वेळ आहे."

तुमच्याकडे कुणी तरुणपणी असं गेलं असेल, तर सडपातळ अंगावर विसंबू नका, रक्त तपासा. बाबांना हे सांगायला कुणी नव्हतं.

हेवा गेला असं म्हणणार नाही. ताईने जिलेबी उचलली की अजून जळते. आता तिला तोंडावर सांगते. ती म्हणते, "जळ, पण फोन उचलत जा."