पापड नव्हे, धापोडे

लग्न होऊन आदिलाबादला आले तेव्हा मला माझ्या मराठीचा फार तोरा होता. मी साताऱ्याची, त्यातून मराठी घेऊन बी.ए. झालेली. इथे घरात सगळे 'आमी-तुमी' बोलायचे, बाजारात तेलुगू, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या चुका दुरुस्त करत बसायचे.

सासूबाई उन्हाळ्यात ज्वारीचे धापोडे करतात. जवळच्या तामसी गावच्या बसने आलेली ज्वारी भिजवायची, वाटून तिचा दाट घाटा शिजवायचा आणि गच्चीवर अंथरलेल्या ओल्या लुगड्यावर त्याचे पातळ गोल हाताने थापायचे. वाळले की भाजून शेंगदाण्यांबरोबर खायचे. कित्येक वर्षं आसपासची किराणा दुकानं त्यांच्याकडून धापोडे घेत होती. मग दुकानांत मशीनच्या पापडांची पाकिटं आली आणि आमचे डबे घरातच राहू लागले.

"औंदा गेले नाही त या लुगड्याचं पोतेरं करीन," सासूबाई एकदा म्हणाल्या. चिडून म्हणाल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. त्या लुगड्याची घडी घालता घालता अगदी सहज बोलून गेल्या. फरशी पुसायला ते लुगडं माझ्याच हातात येणार होतं.

म्हणून मी ब्लॉग सुरू केला. बायका ब्लॉग लिहून लोणची, मसाले, साड्या विकतात असं वाचलं होतं, आणि लिहिणं म्हणजे तर माझा प्रांत. पहिल्या लेखाचं नाव मी ठेवलं 'ज्वारीचे पौष्टिक पापड : एक आरोग्यदायी परंपरा'. असे पाच लेख झाले, फोटोंसकट. वाचक दोन, माझा भाऊ आणि माझा नवरा. नवऱ्याने खाली 'छान' असं लिहिलं, तेही मी समोर उभी राहून लिहून घेतलं.

एका दुपारी लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, काय लिहितेस ते वाचून तर दाखव. मी ठसक्यात अख्खा लेख वाचला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कोनाचे पापड व्हय?"

"तुमचेच की."

"आपून धापोडे करतो. पापड काऊन म्हनून राह्यली?"

मला रागच आला. धापोडे हा इकडचा गावठी शब्द, शहरात तो कोणाला कळणार, असं मी जरा तोडूनच बोलले. त्यांनी लसणावरची नजर काढली नाही.

"ज्याले धापोडे खायाचे हायेत, तो धापोडेच शोधन ना."

मी सगळे लेख परत चाळले. पाच लेखांत मी तो शब्द एकदाही लिहिला नव्हता.

सहावा लेख त्यांनी सांगितला आणि मी तोंड पाडून टाईप केला. घाटा किती शिजवायचा, तीळ कधी घालायचे, आणि लहानपणी त्या अर्धवट वाळलेले धापोडे लुगड्यावरूनच कसे पळवायच्या. सवयीने मी एका 'पायजे'चं 'पाहिजे' केलं. वाचून पाहिलं, तर ते त्यांचं वाटेना. परत 'पायजे' केलं.

चौथ्या दिवशी खाली एक प्रतिक्रिया आली. इकडच्याच वांकिडीची एक बाई, लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिने लिहिलं होतं, दरवर्षी उन्हाळ्यात मी फोनवर धापोडे शोधते, कुठेच सापडत नाहीत. तुमच्याकडे शिल्लक आहेत का? मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदाही वाचायला लावलं.

त्या बाईने आपल्या बहिणींना कळवलं, बहिणींनी शेजारणींना. गणपती येईपर्यंत डबे रिकामे झाले. पार्सल नेताना कुरियरच्या काउंटरवरचा माणूस तेलुगूत विचारायचा, आत काय आहे. पापड म्हटलं असतं तर एका शब्दात काम भागलं असतं. मी धापोडे म्हणायचे आणि मग ते काय असतात ते मोडक्या तेलुगूत समजावत बसायचे.

यंदा ऊन तापायला लागलं तशा सासूबाई माझ्या कपाटापुढे येऊन उभ्या राहिल्या. एका लुगड्यात आता भागत नाही म्हणाल्या, तुझं एखादं जुनं सुती पातळ दे. मी माहेराहून आणलेलं पातळ काढून दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं, पाण्यात बुडवलं आणि गच्चीवर आपल्या लुगड्याशेजारी अंथरलं.