आत्याचं कानातलं माझ्या दाढेवर

दाढेवर कॅप बसवताना काय काय होतं, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या घरात विचारायचं आणि सांगायचं, ही दोन्ही कामं आत्याकडे होती. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याकडेच राहायची. माहेर-सासर दोन्ही अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे रागावली की कानडीत आणि लाडात आली की मराठीत बोलायची.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. शाळा सगळी इंग्रजी कॉन्व्हेंटमधली. तिथे सिस्टरांनी आम्हाला बसावं कसं, शिंकावं कसं आणि कुणी काही विचारलं तर "येस, थँक यू" किंवा "नो, थँक यू" कसं म्हणावं, हे नीट शिकवलं होतं. तक्रार कशी करावी, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

दाढ मोडली ती कडक भाकरीने. पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी ही ज्वारीची भाकरी आमच्याकडे शेंगाचटणीबरोबर रोज असायची आणि ती मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत जायचा. त्या दिवशी 'कट्' झालं ते सगळ्यांना भाकरीचं वाटलं. मलाही. मग तोंडात एक तुकडा राहिला, जो कितीही चावला तरी मऊ होईना.

ही उजवीकडची दाढ होती. डावीकडची मी नववीत असतानाच गेली होती. तेव्हाही मला आत्याच घेऊन गेली होती आणि "दुखतंय तर काढून टाका की" असं तिनेच सांगितलं होतं. तेव्हापासून मी उजवीकडूनच चावत होते. मी जेवताना मान किंचित उजवीकडे कलवते, हे घरात फक्त आत्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून ती माझ्या ताटातली भाकरी बारीक मोडून वाढायची.

डॉक्टरांचा दवाखाना शहराच्या पूर्व भागात, जिना चढून वरच्या मजल्यावर होता. घर विणकरांचं. खाली त्यांच्या भावांचे माग चालायचे आणि त्यांच्या खटखटीने वर पाण्याचा पेला हलायचा. डॉक्टर भावांशी तेलुगूत बोलत आणि आत्याशी मराठीत. माझी शाळा कळल्यावर माझ्याशी मात्र खास इंग्रजीत बोलू लागले.

"अक्का, दाढ वाचेल," ते आत्याला म्हणाले. "नस काढून आत सिमेंट भरू आणि वरून कॅप बसवू. नाहीतर उपटावी लागेल."

"उपटायचं नाव नगं," आत्या एवढ्या जोरात म्हणाली, की मी दचकले. "ही गेली तर पोरीनं खायाचं कशानं?"

"कॅप सोन्याची चांगली. पांढरी प्लास्टिकची मागच्या दाढेवर झिजते."

मला पांढरीच हवी होती. कॉलेजात कुणासमोर हसले तर आत सोनं चमकेल, या विचारानेच मी ओठ मिटले. डॉक्टरांनी "ओके?" विचारलं. मी म्हणाले, "येस, थँक यू."

आत्याचं कानातलं एक फूल होतं. जोडीतलं दुसरं फार वर्षांपूर्वी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत पडलं होतं. उरलेलं ती ट्रंकेत ठेवायची आणि सणाला काढून बघायची. तेच तिने गुलाबी कागदात बांधून दवाखान्यात आणलं. आमच्या घरचा एक नियम होता: सोनं डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. सोनाराकडे बांगडी वाढवायची असली तरी घरातलं एक माणूस भट्टीसमोर बसून राहायचं. दात करणारा माणूस सोनार नसतो, हे आत्याला पटत नव्हतं.

नस काढून सिमेंट भरून झाल्यावर दाढ घासून बारीक केली. दोरीवर फिरणारं ते यंत्र तोंडात शिरलं, की सगळं डोकंच माग झाल्यासारखं वाटायचं. मध्येच वीज गेली. खालचे माग थांबले आणि इतकी शांतता झाली, की मला माझंच गिळणं ऐकू आलं. डॉक्टरांनी शांतपणे कोपऱ्यातलं पायाने चालवायचं यंत्र ओढलं आणि ते शिंप्यासारखे पाय मारू लागले. मी जबडा उघडा ठेवून त्यांच्या चपलेकडे बघत राहिले.

मग गरम पाण्यात मऊ केलेला तपकिरी गोळा दाढेवर दाबून ठसा घेतला, वर पत्र्याची तात्पुरती टोपी बसवली आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. मी उठले. आत्या उठेना.

"सोनं कवा वितळवणार?"

"अक्का, परवा करीन. मागच्या खोलीत."

"मग परवा येते की."

ती खरंच गेली. स्टूल टाकून मागच्या खोलीत बसली आणि डॉक्टरांच्या हाताला घाम फोडून, उरलेला कण त्याच गुलाबी कागदात बांधून घेऊन आली.

आठ दिवसांनी कॅप बसली. डॉक्टरांनी टायपिंगच्या कार्बनसारखा निळा कागद दातांमध्ये ठेवून चावायला सांगितलं. मी चावले. फक्त तीच दाढ टेकली. बाकीचे दात अधांतरी. जेवताना खडा लागावा तसं, फक्त हा खडा थुंकता येणार नव्हता. डॉक्टरांनी निळी खूण पाहिली आणि विचारलं, "उंच वाटतंय? थोडं घासू का?"

बाजूला बसलेल्या आत्याच्या तोंडून "आं?" असा आवाज निघाला. एवढाच. पण जे फूल ती सणासुदीला हातात घेऊन बसायची, ते मी तिच्यासमोर घासून पिकदाणीत टाकायला लावणार होते.

"नो, थँक यू, डॉक्टर," मी म्हणाले. "इट इज व्हेरी कम्फर्टेबल."

कॅप सिमेंटने पक्की झाली. निघताना डॉक्टर म्हणाले, "उंच लागलं तर लगेच या. एकाच दाढेवर भार पडत राहिला तर ती मुळापासून हलते. मग कॅपसकट काढावी लागेल."

हे ऐकूनही मी पाच दिवस गप्प राहिले. वरणभात खाल्ला. भाकरी आमटीत बुडवून तिचा लगदा केला. जबडा कानापर्यंत ठणकत होता. रात्री जिभेने ढकलून बघितलं तर दाढ किंचित हलल्यासारखी वाटायची, आणि मी जीभ मागे घ्यायचे. ठरवून ठेवलेलं वाक्य होतं: अजून सवय झाली नाही.

सहाव्या दिवशी आत्या माझ्या ताटासमोर येऊन बसली.

"आज सहा दिवस झाले. तुज्या ताटातनं आवाज न्हाय."

"कसला?"

"भाकरीचा."

"अजून सवय झाली नाही," मी म्हणाले.

"सवय? चपला हायत व्हय त्या?" तिने माझ्या गालावर बोट टेकवलं आणि मी कळवळले. ती उठली, आतून पिशवी घेऊन आली. "चल."

जिना चढताना ती म्हणाली, "मी एक शबुद बोलणार न्हाय. तोंड तुजं, दाढ तुजी."

मला ते खरं वाटलं नाही. पण खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी "एनी प्रॉब्लेम?" विचारलं, तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं गाईचं चित्र बघत राहिली. माझ्या तोंडात 'नो' तयार होता. खाली माग खटखटत होते आणि प्रत्येक खटक्याला दाढ ठणकत होती. डावीकडची रिकामी जागा जिभेला लागली.

"उंच लागतंय," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. लई दुखतंय."

हे मराठीत निघालं, आणि 'लई' तर मी घराबाहेर कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरही मराठीतच म्हणाले, "अहो, मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने कॅलेंडर सोडलं.

"माज्या सोन्यापायी व्हय गं?" ती हळू म्हणाली. मग डॉक्टरांवरच खेकसली, "घासा की! बघता काय? समदं गेलं तरी चालंल, दाढ ऱ्हायला पायजे."

यंत्र सुरू झालं. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "चूळ भरा," आणि मी पिकदाणीकडे वाकले.

"बेड, बेड! थुकू नगंस!" कानडी-मराठी एक करत आत्या धावली. पिशवीतून तिने स्टीलची वाटी काढून माझ्या हनुवटीखाली धरली. "हितं."

"अक्का, तुम्हीच म्हणालात ना, घासा म्हणून?"

"घासा म्हनलं मी. टाका न्हाय म्हनलं."

वाटी घरून आणलेली होती. म्हणजे निघतानाच तिला सगळं ठाऊक होतं. मी तोंडात पाणी धरून हसले, आणि बरंचसं सोनं माझ्या साडीवर सांडलं.

तीनदा घासल्यावर निळ्या कागदावर सगळ्या दातांच्या खुणा उमटल्या. डॉक्टरांनी दाढ हलवून पाहिली. पक्की होती. "अजून थोडे दिवस काढले असते तर अवघड होतं," ते म्हणाले. घरी परतताना रिक्षात आत्याने वाटी पदराखाली धरली होती. प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षावाल्याला दम देत होती. पाणी वाळल्यावर वाटीच्या तळाशी पिवळसर डाग राहिला. माझ्या मते हळदीचा. आत्याने ती वाटी पुढे कुणाला घासू दिली नाही.

त्या संध्याकाळी तिने माझ्या ताटात अख्खी कडक भाकरी ठेवली, न मोडता. सगळं घर जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होतं, आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. मी उजवीकडून चावले. आवाज ओसरीपर्यंत गेला.

"कसं हाय?" आत्याने विचारलं.

"चटणी खारट झाली आहे," मी म्हणाले.

"घ्या!" ती आईकडे वळली. "सोन्याचा दात काय बसला, लगेच चुका काढाय लागली." आणि चटणीत घालायला शेंगा कुटायला उठली.