डाव्या कोपऱ्यातलं बटन

खोब्रागडे काका कुणाच्याही कॉम्प्युटरपाशी बसले की स्क्रीनकडे बघायचेच नाहीत, माणसाच्या हाताकडे बघायचे. माऊस धरलेला हात कुठे जातो, कुठे अडखळतो, कुठे जाऊन उगाच परत येतो, एवढंच. रायपूरच्या समता कॉलोनीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा माझा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच चहा उकळण्याइतका वेळ घ्यायचा. काकांच्या कानावर ते गेलं. ते वर आले, माझ्या मागे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चालव." मी स्क्रीनवरचा गोंधळ दाखवायला लागले तर वैतागले. "ते नको दाखवू मले. मी तुझा हात पाहून राहिलो. तू दर खेपेस उजवीकडं जाते अन् वापस येते. काहून जाते?" काहून ते मला कुठे माहीत होतं! घरमालक आपल्या मनगटाकडे टक लावून बसलाय म्हटल्यावर मी आधीच अवघडले होते.

संध्याकाळपर्यंत माझ्या त्या मरतुकड्या यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम चढली होती आणि ते खरोखर पळायला लागलं होतं. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेल्या या माणसाला लिनक्सचं वेड होतं. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी पेनड्राइव्ह असायचा. कुणाकडे बारशाला गेले तरी पाळण्याआधी त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे जायचं. "विकतचं ते भाड्याचं घर हाय, बेटा," ते म्हणायचे, "खिळा ठोकायचा तर मालकाले विचारा. हे आपलं घर हाय. भिंत पाडली तरी कोणी विचारत नाई." हे ते आपल्या भाडेकरणीलाच ऐकवायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. माझ्या खोलीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला मात्र त्यांची परवानगी लागली होती.

एकदा त्यांनी भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला पटवलं आणि कौतुक बघायला मलाही स्कूटरवर मागे बसवून नेलं. सगळं सुरेख बसलं, फक्त प्रिंटर काही केल्या बोलेना. बाहेर ट्रक भरून उभे आणि आत मालाची पावती, म्हणजे बिल्टी, निघेना. काका घामाघूम झाले. शेवटी तो मालक हात जोडून म्हणाला, "काका, आपका सिस्टम एकदम बढ़िया है. बस, काम नहीं करता." परत येताना काका तणतणत होते. "प्रिंटर बनवणाऱ्यानं आपली माहिती कोणालेच दिली नाई, त्यात माह्या सिस्टिमचा काय दोष? तूच सांग." मी म्हटलं, "काका, त्याला दोष नको होता, बिल्टी पाहिजे होती."

बाहेर असा दिग्विजय चालू असताना घरात मात्र त्यांना कुणी विचारत नव्हतं. हॉलमध्ये दोन टेबलं होती, एक काकांचं आणि एक सुलोचना काकूंचं, आणि काकूंच्या टेबलावर विंडोज ठाण मांडून होतं. काकू एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होत्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी त्यांच्या बोटांना अक्षरांच्या जागा टाइपरायटरवरच्याच ठाऊक होत्या. कॉलोनीतल्या बुद्धविहाराची सूचना दर आठवड्याला त्याच टाइप करायच्या. रविवारी वंदना किती वाजता, प्रवचन कोण देणार, खीर कुणाच्या घरून येणार, असं सगळं त्यात असायचं. कागद छापून, त्याची घडी न पडू देता त्या स्वतः जाऊन फळ्यावर लावून यायच्या. फळ्यावर काकूंचा कागद लागला की आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रविवार जवळ आला असं समजायचं.

"सुलो, एक डाव माह्यं वापरून तर पाह्य," काका विनवायचे.

"मले काहाले पाहिजे तुमचं फुकटचं?" काकू मान वर न करता टाइप करत राहायच्या. "माह्यं बटन डाव्या कोपऱ्यात हाय. नोकरीत होती तवापासून तिथंच हाय. तुम्ही बांधत बसा आपलं घर. मी भाड्याच्यात सुखी हाय."

हे भांडण दोघांना इतकं आवडायचं, की ते मिटावं असं कुणालाच वाटत नव्हतं. मला तर जिन्यात उभं राहून ते ऐकायची सवय लागली होती.

मग काकू विसरायला लागल्या. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. शंकर नगरला बहिणीकडे जायला निघाल्या आणि रिक्षावाल्याला नागपूरच्या माहेरचा पत्ता सांगून बसल्या, तेव्हा मात्र काका त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि यातून माघार नसते हेही सांगितलं. नवीन काही शिकवायला जाऊ नका, जुनं जे हातात आहे ते टिकवा, असं ते म्हणाले होते. काकांनी ते ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

त्याच सुमारास काकूंचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. मुलाने बेंगळुरूहून नवा पाठवला. त्यावरच्या विंडोजचं रूप नवं होतं. खालची पट्टी सरकून मध्यावर आली होती आणि कोपरा रिकामा झाला होता. दुपारी काकू जिना चढून माझ्या दारात आल्या, चेहरा रडवेला. "पोरी, माह्यं बटन कोणं नेलं वं?" त्यांनी विचारलं. मी खाली जाऊन मध्यावर सरकलेलं स्टार्टचं बटन दाखवलं. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

काकांना वाटलं, हीच वेळ आहे. त्यांच्यासारख्या माणसालाच करता येईल अशी चूक त्यांनी केली, आणि ती अगदी मनापासून केली. नव्या यंत्रावर त्यांनी आपलं लाडकं लिनक्स चढवलं. स्क्रीनवर तीनच मोठी चित्रं ठेवली. टाइपरायटरची अक्षरं काढून टाकली आणि सरकारने ठरवलेली, शिकायला सोपी म्हणतात ती कळरचना दिली. "याच्याहून सोपं जगात नाई," ते मला म्हणाले, "लहान लेकरू बी शिकंल." मग रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. वरती मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. आधी समजावणीचा, मग चढलेला. "अवो, इथं दाब म्हटलं ना! आता तर सांगतलं!" काकूंचा आवाज मात्र येईनासा झाला. त्या खुर्चीत बसायलाच तयार होईनात. विहाराची सूचना दुसऱ्या कुणीतरी पेनाने लिहून लावली. त्या रविवारी काकू फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. तो कागद कुणाचा, हे त्या प्रत्येकाला विचारत होत्या.

एके दिवशी काका जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. मी कामावर निघाले होते. त्यांनी मला थांबवलं. "आज मी गप्प बसलो अन् तिचा हात पाह्यला," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात जाते, बेटा. तिथं काईच नाई. तरी दाबते. दाबून थांबते, जसं कोणी दार उघडंल. साऱ्या रायपूरचे हात पाह्यले मी. हिचा नाई पाह्यला." ते रडत होते. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी कामावर उशीर झाला.

काका आणि काकू दोघंही आता नाहीत, म्हणून यापुढचं सांगते आहे. काकूंच्या सवयीचं जुनं विंडोज आता मिळत नव्हतं आणि नवं आपलं आपण रूप बदलत राहणार होतं. तेव्हा काकांनी आपल्याच सिस्टिमला काकूंच्या सिस्टिमचं सोंग द्यायचं ठरवलं. ज्या रूपाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली ते रूप ते तुकड्यातुकड्याने जमवत बसले. खाली निळी पट्टी, डाव्या कोपऱ्यात बटन, पिवळ्या फायली, तोच टण् असा आवाज. निळा रंग फिकट झालाय का गडद, ते विचारायला मला खाली बोलवायचे. टाइपरायटरच्या अक्षरांची मांडणी त्यांनी एकेक कळ बसवून परत आणली. शेवटी आपोआप बदलणारं जे जे होतं ते सगळं बंद केलं. मी म्हटलं, "काका, हे तुम्हीच करताय?" म्हणाले, "हेच तर म्हणून राहिलो इतके वर्ष. याच्यात सारं उघडं हाय म्हणून जमते. फक्त मले वाटलं होतं, लोकं याचं काहीतरी मोठं करतील."

तयार झाल्यावर त्यांनी काकूंना हाक मारली नाही. यंत्र सुरू करून ठेवलं आणि स्वतः पेपर तोंडासमोर धरून बसले. काकू येता-जाता दोनदा थबकल्या, मग बसल्या. हात कोपऱ्यात गेला. बटन दाबलं गेलं आणि यादी उघडली.

"आलं का माह्यं?" त्यांनी विचारलं.

"आलं," पेपरच्या आडून काका म्हणाले.

त्या दिवशी काकूंनी सूचना टाइप केली. छापताना प्रिंटरनेही खळखळ केली नाही. कागद हातात घेऊन त्या काकांसमोर उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा जुना तोरा चेहऱ्यावर होता. "पाह्यलं? माह्यं विंडोजच बरं. तुमचं फुकटचं ते फुकटचंच."

काका म्हणाले, "हव."

मी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाले. हसू येत होतं का रडू, तेच कळेना. जन्मभर ज्या एका माणसाला जिंकायची त्यांची हौस होती ते माणूस त्यांच्या सिस्टिमवर आलं होतं, आणि हे त्या माणसाला सांगायची सोय नव्हती. नंतर मी एकदा म्हटलंसुद्धा, "निदान एकदा सांगा ना काकूंना. दुसऱ्या दिवशी विसरतीलच." काका रागावले. "इतक्या दिवसांनी ती कशात जिंकली, अन् मी ते बी हिसकू? राहू दे तिचाच हात वर."

पुढे सूचनांमध्ये चुका यायला लागल्या. वार बदलायचे, कधी वर्ष मागे जायचं. प्रवचनाला म्हणून अशा माणसाचं नाव यायचं, ज्याला जाऊन कितीतरी काळ लोटला होता. काका त्यातलं अक्षर बदलायचे नाहीत. "ती लिहील तेच लागंल," त्यांनी विहारात सांगून ठेवलं होतं, आणि विहारातल्या लोकांचा मोठेपणा असा की तेच लागायचं. सगळे कागद वाचायचे आणि आपापल्या अंदाजाने बरोबर वेळेला यायचे. शेवटी शेवटी कागदावर नुसत्या ओळी असायच्या, एकाच अक्षराच्या. तोही लागायचा. काकू फळ्यासमोर उभ्या राहून तो नीट वाचायच्या. त्यांच्या आजारात याहून चांगलं औषध कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

काकू उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरून गेला होता. बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी काकांनी लिनक्स चढवलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांची पाठ वळल्यावर ते उतरवलंही होतं. भन्तेजींचं प्रवचन झाल्यावर काका बोलायला उठले. काकूंच्या स्वभावाबद्दल, संसाराबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"जय भीम. तुम्हाले सर्वांले माहीत हाय, मी जिंदगीभर तुमच्या मागं लागलो. माह्यं सोपं हाय, माह्यं घ्या. ही म्हणे, माह्यंच सोपं. आज सांगतो, तिचंच सोपं होतं. शेवटपर्यंत तुमचा कागद तिनं तिच्या विंडोजवर काढला. कोणाची मदत घेतली नाई. माह्यं हरलं. हे सर्वांच्या समोर सांगायचं होतं."

माझ्या शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. आदल्या दिवशी कार्यक्रमाचा कागद त्यानेच आईच्या कॉम्प्युटरवर काढला होता. तो माझ्या कानाशी आला, अगदी घाबरलेला.

"दीदी, मम्मी के कंप्यूटर में तो लिनक्स था. मैंने कल खुद देखा. पापा भी भूलने लगे क्या?"

"काही विसरले नाहीत ते," मी म्हटलं. "तू गप्प बैस."