पाचवीच्या आधी

आमच्या गल्लीत बाळ झालं की पयला निरोप चंद्रव्वाकडं जायचा, नातेवाइकांना फोन मागनं. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडं आमची ही वस्ती. निम्मे गडी टॉवेलच्या कारखान्यांत, निम्म्या बाया घरात बसून टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून आमचे कान बधिर झालेले. तरीबी सकाळी एखाद्या घरातनं तान्ह्या लेकराचा टाहो आला की सगळ्यांना कळायचं, चंद्रव्वा न्हाऊ घालायला बसली.

मी मथुराबाई. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी माझी. माझं तोंड गिरणीच्या वर वाजतंय असं आमचे मालक म्हणायचे. ते गेले, तोंड ऱ्हायलं. चंद्रव्वाची आन् माझी लई जुनी मैत्री हाय, म्हणजे लई जुनं भांडण हाय. तवा तिच्याबद्दल कुणी सांगायचं तर मीच सांगायला पायजे.

चंद्रव्वा मैंदर्गीची. घरात कानडी, बाहेर मराठी, आन् राग आला की दोन्ही एकदम. नवरा चनमल्लप्पा चादरीच्या कारखान्यात होता. त्यो छातीच्या दुखण्यानं गेला तवा तिचा पोरगा गुरु दुसरीत होता. रडत बसून पोट भरत न्हाय. सासूच्या हाताखाली शिकलेलं काम हिनं उचललं, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. पाटावर बसून पाय लांब सोडायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची, पाणी कोपरानं बघायची. तेलाचा हात असा फिरवायची की रडून लाल झालेलं पोरगं दुपारपर्यंत झोपून ऱ्हायचं. काम करताना तोंड चालूच. "बापाचं नाक घेतलंयस ते घेतलंयस, अक्कल तरी आईची घे की," असं लेकरांना म्हणायची. बाळंतिणी टाके धरून हसायच्या.

तिचा एक नेम होता. पाचवी झाल्याबिगर बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं न्हाय. पाचव्या दिवशी सांजच्याला सटवाई येती आन् लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाती. चंद्रव्वा कानडीत तिला शेटिगव्वा म्हणायची. आता बाळंतपणं दवाखान्यात व्हतात, तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. मी म्हणायची, "अगं, दवाखान्यातनं घरी आणलं तवा उंबरा वलांडलाच की त्यानं." तर म्हणायची, "आत आलेलं चालतंय. बाहेर गेलेलं चालत न्हाय." आता ह्याच्यावर काय बोलणार, कपाळ.

पण एकदा तिनं कारण सांगितलं आन् मी चेष्टा करायची सोडली. तिचं पयलं पोरगं मैंदर्गीला घरातच झालं होतं. तिसऱ्या दिवशी पियंना झालं म्हणून चनमल्लप्पानं जीप केली आन् अक्कलकोटला निघाला. पोरगं वाटंतच गेलं. सासू, सिद्धम्मा, म्हणली, घरात ठिवलं असतंस तर सटवाईला सापडलं असतं. बिनलिहिलं लेकरू जगंल कसं? पोरगं आजारी होतं म्हणून गेलं, हे त्या घरात कुणीच म्हणलं न्हाय. चंद्रव्वा तवा कवळी पोर होती. तिनं सासूचं बोलणं खरं धरलं आन् जलमभर तेच घरोघरी सांगत फिरली.

तिच्या समोरच्या खोलीत रेश्मा आन् तिचा नवरा अमृत ऱ्हातात. मागच्या दिवाळीनंतर रेश्माला मुलगी झाली. चंद्रव्वाच न्हाऊ घालत होती. पाचवीच्या दिवशी पाटा-वरवंटा पूजायला मांडला, हळद-कुंकू वाटीत काढलं, आन् बघतात तर पोरगी अंथरुणात निपचित. कवा गेली कुणाला कळलं न्हाय. सगळी गल्ली म्हणली, सटवाईला लिहायचंच नव्हतं. रेश्मा त्यानंतर मुकीच झाली. मशिनीवर बसायची, आन् कुणाच्या बाळाचं रडणं आलं की मशीन जोरात पळवायची.

मग उन्हाळ्यात गुरुची बायको वैष्णवी बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, मुलगा, वजनाला कमी. घरी सोडताना डॉक्टरीण म्हणली, ऊब द्या, घडीघडीला पाजा, पियंना झालं तर थांबू नका, तसंच उचलून आणा. गुरुनं मान हलवली, चंद्रव्वानंबी हलवली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पूजेसाठी पीठ घेऊन तिच्याकडं गेले. न्हाणीत चंद्रव्वा बसलेली, नडग्यांवर नातू. मला पयल्यांदा काय खटकलं तर न्हाणीत आवाजच नव्हता. पोरगं रडत नव्हतं. चंद्रव्वाचा तेलाचा हात फिरत फिरत पायाशी आला आन् तितंच थांबला. दोन्ही तळपाय मुठीत धरून ती बसून ऱ्हायली.

"तण्णगाग्याद," ती पुटपुटली. म्हणजे गार पडलंय. तेवढी कानडी मला येती.

"कोण गार पडलंय?" मी इचारलं.

"कोण न्हाय. पाणी गार झालंय."

पाण्यातनं वाफा निघत होत्या.

मी आतल्या खोलीत गेले. वैष्णवी तापानं फणफणलेली, अंगावर दोन चादरी. "मावशी, काल सांजच्यापासनं ते पीतच न्हाय हो," म्हणली, "अव्वा म्हणतात उद्याच्या पूजेनंतर बघू." माझं डोकंच फिरलं. तिथनंच गुरुला फोन लावला. त्यो पाळीवर, मागांच्या आवाजात त्याला फोन ऐकू येतोय व्हय. मग एकशे आठला लावला. पलीकडची बाई बरं बोलली, पण म्हणली जवळची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेलीय, दुसरी पाठवते, जरा वेळ लागंल.

तवर चंद्रव्वानं बाळाला पुसून, दुपट्यात गुंडाळून वैष्णवीच्या कुशीत ठिवलं आन् सोता जाऊन उंबऱ्यावर बसली. आडवी.

"ऊठ तितनं," मी म्हणले. "रिक्षा आणते."

"उद्या पूजा होऊ दे मथुरा. मग कुटंबी न्या."

"उद्यापर्यंत काय ऱ्हाणार हाय त्याच्यात? हाताला कळत न्हाय व्हय तुझ्या? अख्ख्या गल्लीची लेकरं हाताळलीस."

"एक बिनलिहिलं घालवलंय मी," ती म्हणली. "दुसरं न्हाय घालवायचं."

तिला सगळं कळलेलं होतं, आन् कळूनबी ती बसली होती. मला तिचा असा संताप आला की हाताला धरून फरफटत बाजूला करावी वाटलं. केलीबी असती. पण आमचा आवाज ऐकून समोरची रेश्मा दारात येऊन उभी ऱ्हायली. एवढ्या दिवसांत ती पयल्यांदा ह्या दाराशी आली होती.

तिनं वाकून आत बघितलं. बाळ बघितलं. मला वाटलं आता ही रडंल, पण न्हाय.

"अव्वा, सरका," ती म्हणली.

चंद्रव्वानं वर बघितलंच न्हाय. माझ्याशी एवढं भांडलेली बाई, रेश्माच्या एका शब्दानं गप सरकली. मला नवल वाटलं. रेश्मा आत आली, पोरगं दुपट्यातनं काढलं, पोलक्याची बटणं सोडून उघड्या छातीशी धरलं आन् वरनं पदर घट्ट गुंडाळला. तिची लेक गेल्यावर दवाखान्याची आशाताई घरी येऊन तिला अशी अंगाची ऊब द्यायला शिकवून गेली होती, पुढच्या येळंला असावं म्हणून. उंबरा वलांडताना चंद्रव्वानं तिच्या पदराचं टोक धरलं, आन् मग सोडलं.

रिक्षात रेश्मा एकसारखी बाळाच्या टाळूवर फुंकर घालावी तशी बोलत होती, काय बोलत होती देव जाणे. मी वैष्णवीला धरून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरीण आमच्यावर चिडली न्हाय, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. बाळाची साखर उतरलीय, अंगात जंतू पसरलेत, म्हणली. कालच आणायला पायजे होतं. आता आमी करतोय तेवढं करतोय. बाळाला काचेच्या पेटीत ठिवलं, वैष्णवीला खाली दुसऱ्या वॉर्डात घेतलं. मागनं गुरु चंद्रव्वाला गाडीवर घेऊन आला. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली ती उठलीच न्हाय. दुसऱ्या दिवशी पाचवी. सांज झाली, पूजा न्हाय, पाटा न्हाय, दिवा न्हाय. मी तिला हसवायला म्हणले, "काळजी करू नको, सटवाईला हितला पत्ता पाठ हाय. हितं ती रोज पाळीवर असती." मग तिचे डोळे भरले, आन् माझेबी भरले.

दोन दिवस आमी जीव मुठीत धरून काढले. मग बाळ थोडं सावरलं, नळीनं दूध पचायला लागलं. सिस्टर बाहेर येऊन म्हणली, आता ह्याला अंगाची ऊब पायजे, छातीशी धरून बसायचं. आईचा ताप अजून उतरला न्हाय. घरचं कोण बसतंय?

चंद्रव्वा उठली. पोलक्याच्या हुकाला हात घातला आन् तशीच थांबली. "माझ्याजवळ नको," म्हणली. "रेश्माला घेऊ द्या."

रेश्मा दोन्ही दिवस तितंच होती. सिस्टरनं तिला खुर्चीत बसवलं, डोक्यावर टोपी घातलेलं ते एवढंसं पोरगं तिच्या छातीवर ठिवलं आन् फडक्यानं तिच्या अंगाला बांधलं. मी शेजारी बसले होते. बाळानं तिच्या गळ्याशी तोंड नेलं. रेश्मानं डोळे मिटले. एवढ्या महिन्यांनी तिचं तोंड मला पयल्यासारखं दिसलं.

तवा चंद्रव्वा बोलली. समोर उभी होती.

"तुझ्या पोरीचे पायबी असेच गार लागले होते ग. चौथ्या दिवशी. माझ्या हाताला कळलं होतं."

रेश्मानं डोळे उघडले.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी पाचवी होती," चंद्रव्वा म्हणली.

बये, ही काय येळ हाय का सांगायची, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. पण तोंड उघडंना, जलमात पयल्यांदा. रेश्माला उठता येत नव्हतं. लेकरू तिच्या अंगाला बांधलेलं. तिचा श्वास जोरात सुरू झाला, तसं बाळ तिच्या छातीवर वर-खाली व्हायला लागलं आन् कुरकुरलं. तिनं त्याच्या पाठीवर तळवा ठिवला. श्वास आवरला. मग म्हणली, "हळू बोला अव्वा. झोपलंय ते."

पोरगं वाचलं. बारसं झालं, नाव शिवराज ठिवलं. रेश्मा बारशाला आली न्हाय. चंद्रव्वानं न्हाऊ घालायचं काम सोडलं. कुणी बोलवायला आलं की म्हणती, हात दुखतात. बाया म्हणतात, नातू झाला आन् म्हातारीला माज आला. म्हणू देत.

आता रोज सकाळी ती रेश्माच्या दारापुढं जाऊन उभी ऱ्हाती. रेश्मा आत मशिनीवर. ती मान वर करून बघती आन् परत शिवायला लागती. घरात ये म्हणत न्हाय, जा म्हणत न्हाय. मग थोड्या वेळानं चंद्रव्वा घरी जाती.

काल न ऱ्हावून मी तिला गाठलं. "कशाला जातीस तिच्या दारात? तिच्या जखमेवरची खपली रोज काढतीस काय?"

चंद्रव्वा गिरणीच्या पायरीवर बसली.

"मथुरा," म्हणली, "ती मला शिव्या का देत न्हाय ग?"